मंद आचेवरचं टर्की-चीज सँडविच

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार उलटला की अमेरिकेतल्या घराघरांत फ्रिज गच्च भरलेला असतो. थँक्सगिव्हिंगच्या जेवणासाठी भाजलेली टर्की सहा-सात किलोंची असली, की आठ-दहा माणसं पोटभर जेवल्यावरही छातीचा मोठा तुकडा, मांडीचं मांस आणि हाडांना धरून राहिलेलं बरंच काही शिल्लक राहतं. त्या एका सणाला देशभरात सुमारे साडेचार कोटी टर्की लागतात, असा तिथल्या उत्पादकांचा अंदाज आहे. आदल्या दिवशी चार-पाच तास ओव्हन चालवलेल्या माणसाला शुक्रवारी पुन्हा स्वयंपाकाचा घाट घालायचा नसतो. अशा वेळी ब्रेडचे दोन स्लाइस, टर्कीचे चार काप, थोडं चीज आणि एक जड तवा एवढ्यावर पंधरा-वीस मिनिटांत गरमागरम जेवण तयार होतं. अमेरिकी खाणावळींच्या मेन्यूत त्याला ‘टर्की मेल्ट’ म्हणतात.

कृती सोपी आहे आणि तरीही ती वारंवार फसते. तवा कडकडीत तापलेला असतो, लोणी चुरचुरतं, दोन मिनिटांत ब्रेडला गडद रंग चढतो. पण घास घेतल्यावर कळतं, की चीज जेमतेम मऊ झालंय आणि टर्की गारच आहे. ब्रेडचा पृष्ठभाग खमंग व्हायला साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वरचं तापमान लागतं. चेडरसारखं चीज मात्र ६५ अंशांच्या आसपास वितळतं. वरवर पाहता चीजचं काम सोपं वाटतं, पण तिथपर्यंत उष्णता पोचायची ती ब्रेडमधून, आणि ब्रेड म्हणजे बारीक बारीक छिद्रांत कोंडलेली हवा. हवा उष्णता फार सावकाश पुढे देते. आच वाढवली की बाहेरचं काम झटपट उरकतं, आतलं जिथल्या तिथे राहतं. म्हणून या सँडविचचं यश एका गोष्टीवर ठरतं: आच मंद ठेवून आतल्या थराला वेळ देणं. चीज कोणतं घ्यावं, ब्रेडला काय लावावं, टर्की किती जाड कापावी, हे सगळे निर्णय त्या एका गोष्टीच्या मागून येतात.

आधी या पक्ष्याविषयी. टर्की मूळची उत्तर अमेरिका खंडातली. मेक्सिकोतल्या लोकांनी ती दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसाळवली होती. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश लोक तिथे पोचले, तेव्हा हा पक्षी बाजारात विकला जात होता. स्पेनमधून तो युरोपभर पसरला आणि शंभर वर्षांच्या आत पोर्तुगीजांच्या जहाजांमधून गोव्यातही उतरला. भारतात त्याच्या येण्याची फार सुंदर नोंद आहे. बादशहा जहांगीराने आपल्या दरबारातल्या मुकर्रबखानाला गोव्यातून दुर्मीळ वस्तू आणायला सांगितलं होतं. १६१२ साली खान परतला, तेव्हा त्याने आणलेल्या वस्तूंमध्ये जिवंत टर्कीही होती. जहांगीराला पशुपक्ष्यांचं विलक्षण कुतूहल. त्याने आठवणींच्या ग्रंथात या पक्ष्याचं वर्णन बारकाईने लिहून ठेवलं: मोरासारखी पिसं फुलवून नाचणं, घटकेघटकेला डोक्याचा आणि मानेचा रंग पालटणं, चोचीवरून लोंबणारं मांस. नुसत्या शब्दांनी त्याचं समाधान झालं नाही, म्हणून त्याने दरबारी चित्रकारांकडून चित्रंही काढून घेतली. उस्ताद मन्सूरने काढलेलं टर्कीचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. एकेका पिसाची कड त्यात वेगळी ओळखू येते. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या जेवणाला मसाला भरलेली टर्की अजूनही होते, तिचं मूळ याच समुद्रमार्गात आहे.

अमेरिकेत मात्र हा पक्षी सणाला बांधला गेला. अब्राहम लिंकनने १८६३ साली थँक्सगिव्हिंग देशभर पाळण्याचं आवाहन केलं आणि १९४१ च्या कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार पक्का झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत टर्की थँक्सगिव्हिंग आणि नाताळ सोडून एरवी फारशी कुणी खात नसे. ती वर्षभराच्या सँडविचमध्ये शिरण्याच्या वाटेवर केंटकी राज्यातलं लुईव्हिल शहर लागतं.

लुईव्हिलमधलं ब्राउन हॉटेल १९२३ साली उघडलं. तिथे रोज रात्री जेवण आणि नृत्याचा कार्यक्रम असे, आणि हजार-बाराशे माणसं त्याला येत. मध्यरात्रीनंतर बँड थांबला की दमलेल्या पाहुण्यांना भूक लागे. तेव्हा हॅम आणि अंडी देण्याची पद्धत होती आणि लोकांना त्याचा कंटाळा आला होता. १९२६ साली हॉटेलचे शेफ फ्रेड श्मिट यांनी नवा पदार्थ मांडला. भाजलेल्या ब्रेडवर टर्कीचे जाड काप, त्यावर मोर्ने सॉस, म्हणजे लोणी-मैद्यावर दूध घालून केलेल्या पांढऱ्या सॉसमध्ये चीज विरघळवलेलं, वर टोमॅटो आणि बेकनच्या दोन पट्ट्या. सगळं वरच्या आचेखाली धरून पृष्ठभागावर बुडबुडे येऊन तांबूस डाग पडेपर्यंत भाजायचं. ‘हॉट ब्राउन’ या नावाने ते आजही त्या हॉटेलात मिळतं. वरचा स्लाइस नसल्यामुळे ते काट्या-चमच्यानेच खावं लागतं.

श्मिट यांनी टर्कीवर चीजचे काप न ठेवता चीजचा सॉस ओतला, हा निर्णय नीट पाहण्यासारखा आहे. नुसतं चीज प्रखर आचेखाली धरलं तर त्यातलं तूप सुटतं आणि उरलेला भाग चामट होतो. सॉसमधला मैदा हे होऊ देत नाही. मैद्यातला स्टार्च फुगून स्निग्धांशाच्या थेंबांच्या मध्ये येतो, त्यामुळे ते एकत्र येऊन वर तरंगत नाहीत. ज्यांच्याकडे वरून भाजणारा ग्रिल किंवा ओव्हन आहे आणि ज्यांना आठ-दहा माणसांना एकदम वाढायचं आहे, त्यांनी डोळे झाकून हीच पद्धत घ्यावी. दोन माणसांसाठी तवा बरा.

चीज का वितळतं, हे समजलं की निवड सोपी होते. दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं. रेनेट नावाच्या विकराने दूध जमवलं की केसीनचे सूक्ष्म कण एकमेकांना धरून जाळं तयार करतात आणि त्या जाळ्याचे सांधे कॅल्शियममुळे टिकतात. स्निग्धांश आणि पाणी त्यात अडकलेलं असतं. चीज तापू लागलं, की ३० ते ३५ अंशांच्या दरम्यान आधी स्निग्धांश पातळ होतो; चीज मऊ पडतं, त्यावर घाम आल्यासारखे थेंब दिसतात. हे वितळणं नव्हे. आणखी तापल्यावर केसीनचे बंध सैल होतात, जाळं ढासळतं आणि चीज दाट द्रवासारखं वाहू लागतं. मोझरेलासारख्या पाणीदार चीजच्या बाबतीत हे ५५ अंशांच्या आसपास घडतं, चेडर आणि स्विस प्रकारच्या चीजला ६५ अंश लागतात, तर कोरड्या पार्मेझानला ८० च्या वर जावं लागतं. जितकं पाणी कमी, तितकी जास्त उष्णता.

पनीर या हिशेबात बसतच नाही. ते उकळत्या दुधात लिंबू किंवा व्हिनेगर घालून फाडलेलं असतं. आम्लाने कॅल्शियम विरघळून पाण्याबरोबर निघून जातं आणि प्रथिनं एकमेकांना वेगळ्या बंधांनी घट्ट धरतात. उष्णतेने ते बंध सुटत नाहीत, उलट आवळले जातात. त्यामुळे पनीर तव्यावर तांबूस होतं, पाणी सोडतं, पण वाहत नाही. भाजीत ते हवंहवंसं असतं. या सँडविचमध्ये मात्र दोन स्लाइस आणि टर्की यांना जोडून ठेवायचं काम चीजकडे आहे, आणि ते पनीरला जमणार नाही.

वयाचाही प्रश्न आहे. अगदी कोवळं चीज वितळतं, पण त्याला चव कमी. वर्ष-दोन वर्षं मुरवलेल्या चेडरची चव तिखट, गहिरी, मात्र मुरताना त्यातल्या केसीनच्या लांब साखळ्या तुटून तुकडे झालेले असतात आणि पाणीही कमी झालेलं असतं. तापवलं की ते रवाळ होऊन तूप सोडतं. मध्यम मुरलेलं चेडर, स्वित्झर्लंडचं ग्रुयेर, इटलीचं फोंटिना किंवा कॅलिफोर्नियाचं माँटेरे जॅक ही या सँडविचसाठी उत्तम चीजं. टर्कीची स्वतःची चव सौम्य असते, म्हणून फक्त मोझरेला घालणं हा सर्वांत फिका पर्याय. लांब तार हवी असेल तर मूठभर मोझरेला आणि चवीसाठी तेवढंच चेडर, असं मिश्रण करावं. ते घरीच किसावं. पाकिटातल्या किसलेल्या चीजला तुकडे चिकटू नयेत म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोजची भुकटी लावलेली असते आणि ते तितकं एकजीव होत नाही.

न चुकता वितळणारं चीज बनवण्याचा प्रयत्न स्वित्झर्लंडमध्ये झाला. थुन शहरातले वॉल्टर गेर्बर आणि फ्रित्झ श्टेटलर यांना एमेंटाल चीज उष्ण देशांत पाठवायचं होतं आणि ते वाटेत टिकत नव्हतं. १९११ साली त्यांनी चीज तापवून त्यात सोडियम सायट्रेट मिसळलं. सायट्रेट केसीनजवळचं कॅल्शियम ओढून घेतं आणि त्या जागी सोडियम देतं. सांधे सुटलेलं केसीन पाण्यात पसरतं आणि स्निग्धांशाचा प्रत्येक थेंब धरून ठेवतं. गार झाल्यावर हे चीज पुन्हा घट्ट होतं, तापवलं की पुन्हा वाहतं, आणि कधीच फुटत नाही. शिकागोत व्यवसाय करणाऱ्या जेम्स क्राफ्ट यांनी स्वतःच्या पद्धतीचं पेटंट १९१६ साली मिळवलं, आणि पहिल्या महायुद्धात डबाबंद क्राफ्ट चीज अमेरिकी सैन्याला पुरवलं गेलं. १९५० साली कंपनीने त्याचे तयार स्लाइस बाजारात आणले. त्याआधीच, ७ जुलै १९२८ रोजी, मिसुरीतल्या चिलिकोथी गावात ओटो रोवेडर यांच्या यंत्रावर कापलेला ब्रेड विक्रीला आला होता. सारख्या जाडीचा ब्रेड आणि सारख्या जाडीचं, हमखास वितळणारं चीज. या दोन गोष्टी हाताशी आल्यावर गरम चीज सँडविच अमेरिकेत लहान मुलांनाही करता येण्याजोगा पदार्थ झाला.

अशा प्रोसेस्ड चीजला नाकं मुरडण्याची पद्धत आहे. ती या पदार्थाच्या बाबतीत तरी योग्य नाही. चव साधी असते हे खरं, पण वितळण्यात त्याचा हात धरणारं दुसरं चीज नाही. एक प्रोसेस्ड स्लाइस आणि त्यासोबत चांगल्या मुरलेल्या चेडरचा कीस घातला, तर स्लाइसमधले क्षार चेडरलाही फुटू देत नाहीत. चव चेडरची आणि पोत स्लाइसचा, असा दोन्हीकडून फायदा होतो.

आता टर्की. छातीचं मांस पांढरं, कमी चरबीचं आणि म्हणूनच पटकन कोरडं पडणारं असतं; मांडीचं मांस गडद, त्यात चरबी आणि संयोजी ऊती जास्त, त्यामुळे ते दुसऱ्या दिवशीही ओलसर राहतं. पाहुण्यांना छातीचे काप वाढून झाल्यावर उरलेलं मांडीचं मांस सँडविचसाठी राखून ठेवावं, ते जास्त चांगलं लागतं. टर्कीची आणखी एक खोड आहे. तिच्या चरबीत असंतृप्त मेदाम्लं बरीच असतात. शिजवताना मांसातलं लोह मोकळं होतं आणि त्याच्या संगतीने ही मेदाम्लं हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतात. त्यामुळे फ्रिजमध्ये ठेवलेल्या टर्कीला पुन्हा गरम करताना एक शिळट, पुठ्ठ्यासारखा वास येतो. मांस हाडावरून काढून लगेच झाकून, हवा कमीत कमी लागेल असं ठेवलं तर तो कमी होतो. मोहरीचा सॉस, मिरपूड, आंबटगोड क्रॅनबेरी आणि तिखटसर चीज यांनी तो झाकला जातो. अमेरिकी घरांत टर्कीच्या सँडविचमध्ये क्रॅनबेरीचा सॉस नेमाने पडतो, त्यालाही चवीपलीकडे हा आधार आहे.

दुकानातल्या पातळ कापांची टर्की वापरली तर काम आणखी सोपं, पण तिच्यात मीठ बरंच असतं आणि चीजमध्येही असतं. तेव्हा वरून मीठ घालू नये.

ब्रेड आदल्या दिवशीचा चांगला. ताज्या ब्रेडमध्ये ओलावा जास्त असतो आणि तो उडून जाईपर्यंत पृष्ठभाग १०० अंशांच्या पुढे सरकत नाही. मग रंग येण्याऐवजी ब्रेड वाफेने लिबलिबीत होतो. जाडी साधारण एक सेंटीमीटर असावी. साधा पांढरा सँडविच ब्रेड चालतो, आंबवणाचा सावरडो असेल तर त्याची किंचित आंबट चव चीजच्या स्निग्धपणाला छेद देते. मात्र मोठी छिद्रं असलेला सावरडो टाळावा, चीज त्यातून गळून तव्यावर जळतं.

बाहेरून काय लावायचं यावर खाणाऱ्यांमध्ये दोन तट आहेत: लोणी आणि मेयोनीज. लोण्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश, १६-१७ टक्के पाणी आणि उरलेले दुधाचे घन पदार्थ असतात. या घन पदार्थांतली प्रथिनं आणि दुधातली साखर तापून जी क्रिया होते तिला फ्रेंच रसायनतज्ज्ञ लुई-कामी मेयार यांचं नाव आहे. तिचं पहिलं वर्णन त्यांनी १९१२ साली केलं. भाजलेल्या पोळीचा, कॉफीचा, खरपूस मांसाचा वास याच क्रियेतून येतो. पण हेच घन पदार्थ आच वाढली की १५० अंशांच्या पुढे करपू लागतात. मेयोनीजमध्ये तेल आणि अंड्याची प्रथिनं असतात. ते फ्रिजमधून काढल्यावरही सहज पसरतं आणि रंग एकसारखा देतं. वास मात्र लोण्याचाच सरस. आच मंद ठेवणारच असू तर लोणी करपण्याची भीती उरत नाही, म्हणून इथे कौल लोण्याला. ते मऊ असावं, तव्यात न टाकता ब्रेडवर काठापर्यंत लावावं. साजूक तुपात दुधाचे घन पदार्थ नसल्यामुळे ते करपत नाही, फक्त रंग आणि लोण्याचा तो विशिष्ट वास थोडा कमी येतो.

एका सँडविचला ८० ते १०० ग्रॅम टर्की आणि ४० ते ५० ग्रॅम चीज पुरे. टर्की आधी स्वतंत्र गरम करावी, कारण दोन स्लाइसच्या मध्ये ठेवलेलं फ्रिजमधलं मांस आतली सगळी उष्णता शोषून घेतं आणि चीज मागे पडतं. काप पातळ असावेत. ते लहान कढईत टाकून चमचा-दोन चमचे सूप किंवा पाणी शिंपडावं, झाकण ठेवून वाफ येईपर्यंत दोन मिनिटं ठेवावं, मग निथळून घ्यावं. निथळणं विसरू नये; आत गेलेलं पाणी ब्रेडचा आतला भाग भिजवतं.

स्लाइसच्या आतल्या बाजूला मोहरीचा पातळ थर द्यावा. एका स्लाइसवर निम्मं चीज, त्यावर टर्की, हवा असेल तर क्रॅनबेरी सॉसचा एखादा चमचा, वर उरलेलं चीज आणि दुसरा स्लाइस. चीज दोन्ही बाजूंनी असलं की सँडविच उलटताना सुटत नाही. टोमॅटो घालायचा तर त्याचे पातळ काप मीठ लावून दहा मिनिटं ठेवावेत आणि पाणी टिपून मगच दोन्ही चीजच्या मध्ये घालावेत.

जड बुडाचा तवा मंद आणि मध्यम यांच्या मधल्या आचेवर दोन-तीन मिनिटं तापवावा. लोणी लावलेली बाजू खाली करून सँडविच ठेवावं आणि वर झाकण घालावं. झाकणामुळे वरचा स्लाइसही तापू लागतो आणि आतलं चीज दोन्हीकडून मऊ पडतं. चार मिनिटांनी कड उचलून पाहावी. सोनेरी रंग आला असेल तर उलटावं आणि आता झाकण काढून टाकावं, नाहीतर वरची कुरकुरीत झालेली बाजू वाफेने पुन्हा नरम होते. दुसऱ्या बाजूला तीन मिनिटं पुरतात. लोणी खाली हळू बुडबुडत असावं. धूर दिसला तर आच जास्त आहे. कालथ्याने हलकं दाबायला हरकत नाही, त्याने तव्याशी संपर्क वाढतो. जोर देऊन चेपलं तर चीज बाहेर पळतं. चीज कडेने ओघळायला लागलं की उतरवावं आणि मिनिटभर जाळीवर ठेवून मग कापावं. एवढ्या वेळात चीज किंचित घट्ट होतं आणि कापताना वाहून जात नाही. ताटलीत सरळ ठेवलं तर खालची बाजू वाफेने ओली होते, म्हणून जाळी.

टर्कीच्या जेवणानंतर झोप येते ती तिच्यातल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाने, असं अमेरिकेत घरोघरी सांगितलं जातं. वास्तविक ते टर्कीत कोंबडीपेक्षा फारसं जास्त नसतं, आणि चेडर चीजमध्येही चांगलंच असतं. सुस्ती येते ती भरपेट जेवणाची.

स्वच्छतेच्या बाबतीत मात्र ढिलाई नको. अमेरिकी कृषी खात्याचे नियम स्पष्ट आहेत. टर्की पहिल्यांदा शिजवताना मांसाच्या सर्वांत जाड भागात ७४ अंश सेल्सिअस तापमान आलं पाहिजे. जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत मांस हाडावरून काढून उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, कारण ४ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. फ्रिजमध्ये ते तीन ते चार दिवस चालतं; त्याहून जास्त ठेवायचं तर फ्रीझरमध्ये. पुन्हा गरम करताना परत ७४ अंश. म्हणूनच टर्की आधी वेगळी तापवणं चवीइतकंच आरोग्यासाठीही गरजेचं आहे: ६५ अंशांना वितळलेल्या चीजवरून आतलं मांस पुरेसं तापलं असं धरता येत नाही. दुकानातल्या तयार कापांमध्ये लिस्टेरिया नावाचा जिवाणू असू शकतो आणि तो फ्रिजच्या थंडीतही वाढतो. गर्भवती स्त्रियांनी आणि ६५ वर्षांवरील माणसांनी असे काप थंड खाऊच नयेत, त्यातून वाफा निघेपर्यंत तापवून खावेत.

भारतात टर्की पाळली जाते, पण रोजच्या मटण-चिकनच्या दुकानात ती सहसा दिसत नाही. मोठ्या शहरांतल्या काही दुकानांत नाताळच्या सुमारास गोठवलेली मिळते. चीजची अडचण मात्र मुळीच नाही. आपल्याकडे घरोघरी येणारं डब्यातलं किंवा ठोकळ्यातलं चीज प्रोसेस्डच असतं. वेष्टणावरच्या यादीत सोडियम सायट्रेटसारखे क्षार दिसतात, ते गेर्बर-श्टेटलर यांच्या प्रयोगाचे वारस. मुंबईच्या रस्त्यावरचा सँडविचवाला हेच चीज किसून बटाटा, काकडी, बीट आणि हिरव्या चटणीच्या थरांवर घालतो, लांब दांड्याच्या बंद टोस्टरमध्ये सँडविच चेपतो आणि टोस्टर निखाऱ्यांवर किंवा गॅसवर सावकाश उलटसुलट करत राहतो. दोन्ही पत्र्यांत कोंडलेली उष्णता दोन्हीकडून एकसारखी आत जाते. तव्याला झाकण घालून जे साधायचं ते तो टोस्टर अधिक चांगलं साधतो, आणि ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी टर्की-चीज सँडविचसाठी तोच काढावा. नसेल तर पोळीचा खोलगट तवा घेऊ नये. त्यावर ब्रेडची कड टेकते, मधला भाग अधांतरी राहतो. डोशाचा सपाट बिडाचा तवा यासाठी उत्तम.

टर्की नसेल तर उरलेल्या भाजलेल्या कोंबडीचे काप घ्या. प्रमाण, आच आणि वेळ यांत काहीही बदलावं लागत नाही. मांस चार दिवसांच्या आतलं असावं, आधी वाफ येईपर्यंत तापवावं आणि तव्याखालची आच वाढवू नये, एवढं सांभाळा.